टायरची बोली

मराठी शिकवणाऱ्या माणसाने मोटारीच्या टायरवर लिहावे, हे काही वाचकांना दिवाळीच्या फराळात भलताच पदार्थ वाढल्यासारखे वाटेल. पण या सदरात मी यापूर्वी छत्रीवर लिहिले, रद्दीवाल्यावर लिहिले, आमच्या कॉलेजच्या घंटेवरसुद्धा लिहिले, आणि आपण ते गोड मानून घेतलेत. शिवाय टायरकडे मी वळलो तो माझ्या धंद्याच्या वाटेनेच. टायरच्या अंगावर मजकूर छापलेला असतो. आणि छापलेला मजकूर दिसला की तो वाचल्यावाचून आम्हा मास्तर लोकांना पुढे जाववत नाही.

दारातल्या गाडीपाशी जरा वाकून पाहा. माझ्या गाडीच्या टायरवर ‘१८५/६० आर १५ ८४ एच’ अशी अक्षरे आहेत. पैकी १८५ ही रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६० ही बाजूच्या भिंतीची उंची. पण ती मिलिमीटरमध्ये नव्हे, तर रुंदीच्या शेकडा साठ, म्हणजे १११ मिलिमीटर. ‘आर’ म्हणजे रेडियस असे पुष्कळजण छातीठोकपणे सांगतात; तो ‘आर’ रेडियलचा, म्हणजे आतले धागे घालण्याच्या एका तऱ्हेचा. पुढचे १५ हा रिमचा व्यास, तो मात्र इंचांत. ८४ हा वजनाचा आकडा खरा, पण ८४ किलो नव्हेत. कोष्टकात पाहिले तर त्याचा अर्थ ५०० किलो निघतो. आणि शेवटचा ‘एच’ सांगतो की, या टायरला ताशी २१० किलोमीटरपर्यंतचा वेग सोसतो. एखाद्या विद्यार्थ्याने एका ओळीत इतकी मापे कालवली असती तर मी त्याचे निम्मे गुण कापले असते.

वेगाच्या अक्षरांची तर मौजच आहे. ‘एस’ म्हणजे १८०, ‘टी’ म्हणजे १९०, ‘यू’ म्हणजे २००. इथपर्यंत इंग्रजी वर्णमाला शहाण्या मुलासारखी चालते. आणि मग ‘यू’च्या पाठीवर एकदम ‘एच’ येऊन उभा राहतो, २१० चा! त्यापुढे ‘व्ही’ २४०, ‘डब्ल्यू’ २७०, ‘वाय’ ३००. या मध्येच घुसलेल्या ‘एच’ला व्याकरणाचा कोणताही नियम लागू पडत नाही. रूढी बलवत्तर, दुसरे काय!

ही शेवटची दोन-तीन अक्षरे मिरवणारे टायर म्हणजे दुकानदार ज्यांना ‘परफॉर्मन्स टायर’ म्हणतात ती मंडळी. रबर मऊ, बसकी भिंत, रुंद छाती. या घराण्यातल्या अगदी वरच्या पायरीवरच्यांच्या कथा पुराणात शोभाव्यात अशा असतात. बुगाती कंपनीने २००५ साली ताशी चारशे किलोमीटरच्या पुढे धावणारी एक गाडी बाजारात आणली. तिच्याविषयी असे सांगत की, त्या कमाल वेगाने तिचे टायर फक्त पंधरा मिनिटे टिकतात; पण काळजी नको, कारण पेट्रोल बाराच मिनिटांत संपते.

आमच्या ताईच्या घरी गेल्या वर्षी वाद झाला तो या अक्षरांवरूनच. भाच्याने पहिल्या वर्षाचा साठवलेला पगार घालून घरच्या गाडीचे चारही टायर बदलले. माझ्या गाडीला आहेत तसेच तिचे मूळचे टायर होते. त्यांच्या जागी सतरा इंची रिमवर ‘२०५/४५’चे, ‘डब्ल्यू’ अक्षराचे टायर आले. भावोजी हिशेबी गृहस्थ. ते म्हणाले, “समृद्धी महामार्गावरसुद्धा मोटारींना एकशेवीसची मर्यादा आहे. मग हा दोनशे सत्तरचा टायर कशाला? दोन माणसांच्या घरात पन्नास पानांचं पातेलं!” भाचा म्हणाला, “बाबा, अक्षर वेगाचं असलं तरी मी ते वेगासाठी घेतलेलं नाही. गाडी थांबते कशी ते बघा.” आणि नेहमीप्रमाणे दोघेही माझ्याकडे आले. आमच्या नात्यागोत्यात अशी समजूत आहे की, ज्याअर्थी हा प्राध्यापक आहे त्याअर्थी याला कशातले काही कळत असलेच पाहिजे.

मी निवाडा न देता चौकशी सुरू केली. ज्यांचा हात रोज स्टिअरिंगवर असतो अशा माणसांना विचारत गेलो.

पहिला साक्षीदार अर्थात भाचाच. त्याने मला शेजारी बसवून ताम्हिणी घाटातून फिरवून आणले. एक गोष्ट मला कबूलच केली पाहिजे. वळण आले की माझी गाडी आधी थोडी विचार करते, बाहेरच्या अंगाला झुकते आणि मग वळते. तशी ही गाडी करीत नव्हती. भाच्याने मनगट हलवावे आणि तिने तत्क्षणी तिकडे तोंड फिरवावे. बाजूची भिंत १११ वरून ९२ मिलिमीटरवर आली, म्हणजे जेमतेम एका बोटाची उंची कमी झाली. पण तेवढे रबर कमी वाकते आणि तेवढी आज्ञा लवकर पोहोचते. उलट, लहानसहान खड्डाही माझ्या पाठीच्या कण्याला नावानिशी कळत होता. “मामा, रस्ता कळतो बघ कसा!” भाचा म्हणाला. मला तो जरुरीपेक्षा जास्त कळत होता.

मग त्याने मागेपुढे कोणी नाही असे पाहून, मला सांगून, करकचून ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी रुतल्यासारखी उभी राहिली. भावोजींच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मला तिथे मिळाले. ‘डब्ल्यू’चा टायर दोनशे सत्तरने पळण्यासाठीच घ्यावा असे नाही. तो वेग सोसायचा म्हणून त्याच्या पोलादी पट्ट्यांवर नायलॉनची आणखी गुंडाळी असते, आणि रस्ता नीट धरून ठेवावा म्हणून अशा टायरचे रबर मऊ ठेवतात. वेग सोसणे म्हणजे काय, याचा एक हिशेब आमच्या कॉलेजातल्या पदार्थविज्ञानाच्या मित्राने मांडून दाखवला. ताशी १२० किलोमीटरला, टायरच्या खाचेत अडकलेला एक ग्रॅमचा खडा सुमारे पावणेचारशे ग्रॅमच्या ओढीने बाहेर पडू पाहतो. रबराच्या प्रत्येक ग्रॅमची हीच गत. वेग दुप्पट केला की ओढ चौपट. टायर फाटत कसा नाही, याचेच मग नवल वाटू लागते.

अर्थात मऊ रबराचे मोलही द्यावे लागते. अमेरिकेतल्या नियमाप्रमाणे पुष्कळ टायरांवर झिजेचा एक अंक छापलेला असतो. अंक मोठा तर टायर दीर्घायुषी. शांत प्रकृतीच्या टायरांवर तो चारशे, पाचशे असा दिसतो. चपळ टायरांवर तीनशेच्या आसपास, आणि शर्यतीच्या मैदानाचा शौक असणाऱ्यांच्या टायरांवर दोनशे किंवा त्याहून कमी. हा अंक कंपन्या आपल्या आपणच ठरवतात. तेव्हा एका कंपनीच्या अंकाची दुसरीच्या अंकाशी तुलना करण्यात फारसा अर्थ नाही. परीक्षकही आपण आणि परीक्षार्थीही आपणच, हा प्रकार आमच्या विद्यापीठाने अजून सुरू केलेला नाही.

आता या सगळ्या कौतुकाला खाली ओढणारे एक गणित सांगतो. मोटारीचे वजन बाराशे किलो धरा. प्रत्येक चाकावर तीनशे. टायरमध्ये हवा तेहतीस पौंड, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण २.३ किलो. भागाकार केला तर रस्त्याला टेकलेला तुकडा निघतो सुमारे १३० चौरस सेंटिमीटरचा. आपले साधे पोस्टकार्ड १४ सेंटिमीटर लांब आणि ९ रुंद, म्हणजे १२६. ताई, भावोजी, भाचा आणि मागे ठेवलेले लाडवांचे डबे, एवढा सारा प्रपंच धावतो तो चार पोस्टकार्डांवर. आणि टायर रुंद घेतला तरी, हवा तेवढीच ठेवली तर, पोस्टकार्ड काही फारसे मोठे होत नाही. ते नुसते आडवे पडते; रुंदीला वाढते, लांबीला घटते. पकड वाढते ती त्या आकारामुळे आणि रबराच्या मऊपणामुळे. ही गोष्ट मी भाच्याला सांगितली तेव्हा तो थोडा हिरमुसला, असे मला वाटते.

दुसरे साक्षीदार आमच्या सोसायटीतले ड्रायव्हरकाका. सत्तरीला टेकलेले. तरुणपणी मुंबईत पद्मिनी टॅक्सी चालवीत. पुढे पुण्याला येऊन एका कारखानदाराच्या घरी परदेशी गाड्यांवर वीस वर्षे काढली. मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सींची सद्दी ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली, त्या दिवशी त्यांनी सोसायटीत पेढे वाटले होते. दुःखाचे पेढे मी तेव्हाच पहिल्यांदा खाल्ले.

“सर,” काका म्हणाले, “पद्मिनीचे टायर बोलायचे.”

माझे कान टवकारले गेले, हे सांगायला नकोच. काकांच्या म्हणण्याचा अर्थ असा. जुन्या टायरांत धागे तिरके, एकमेकांवर आडवेतिडवे घातलेले असत. वळणावर जरा आगाऊपणा केला की ते आधी कुरकुर करीत, मग रडत, मग हळूहळू घसरू लागत; आणि या सगळ्याला इतका वेळ लागे की, तेवढ्यात ड्रायव्हरला शहाणपण सुचे. हवा कमी झाली की टायर खाली बसलेला नुसत्या डोळ्यांनी दिसे. मिशलँ कंपनीने १९४९ साली रेडियल टायर बाजारात आणला. त्यात धागे सरळ या कडेपासून त्या कडेपर्यंत आणि वरून पोलादी पट्टा. तो जास्त टिकतो, कमी तापतो, रस्ता कितीतरी घट्ट धरतो. आज आपल्या सगळ्यांच्या मोटारींना तोच असतो. पण तो बोलतो कमी. आणि त्यातही बसक्या भिंतीचा, वेगवान जातीचा टायर म्हणजे जवळजवळ मौनीबाबा. तो धरून ठेवतो, धरून ठेवतो, धरून ठेवतो. आणि सोडतो तेव्हा एकदम सोडतो.

“साहेबांच्या गाडीला असले टायर होते,” काका सांगत होते. “पहिले सहा महिने मी फार खूश. नंतर माझ्या लक्षात आलं, की माझा पाय जड झालाय. टायर काही म्हणत नाही म्हटल्यावर मीच वेग वाढवत चाललो होतो. तेव्हापासून मी काट्याकडे बघून चालवतो, टायरला विचारून नाही.”

काकांचे हे वाक्य मला एखाद्या प्रबंधाहून मोलाचे वाटले.

हवेचेही तसेच. पाच-सात पौंड हवा गेली तरी बसका टायर चेहऱ्यावर काही दाखवीत नाही. भिंतच इतकी ठेंगणी आणि ताठ की, वाकून वाकणार किती? पण आत तो जास्त मळला जात असतो, तापत असतो. आणि पावसात हिशेब आणखी बिघडतो. साठलेल्या पाण्यावर वेगाने टायर गेला की पुढे पाण्याची पाचर तयार होते आणि टायर रस्ता सोडून पाण्यावर चढतो. अशा वेळी स्टिअरिंग एकाएकी हलके होते. ज्यांनी ते अनुभवले आहे त्यांच्यापैकी एकानेही मला ते हसत सांगितले नाही. १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेत नासाच्या संशोधकांनी विमानांच्या चाकांवर याचा अभ्यास केला, आणि हा वेग टायरमधल्या हवेवर अवलंबून असतो असे दाखवले. त्यांच्या सूत्रात ३३ पौंड घातले तर उत्तर येते ताशी सुमारे ९६ किलोमीटर. २५ पौंड घातले तर ८३. मोटारीला हे तंतोतंत लागू नाही. नक्षी खोल असली, खाचा चांगल्या असल्या तर टायर पाणी बाहेर फेकतो आणि पुष्कळ सावरून घेतो. पण नक्षी झिजली की रुंद टायरच आधी तरंगतो, कारण बाजूला सारायला त्याच्यापुढे पाणी जास्त. आपल्याकडे कायद्याने मोटारीच्या टायरची नक्षी निदान १.६ मिलिमीटर असावी लागते. नव्या टायरला ती सात-आठ असते. पावसाळ्याच्या तोंडावर दोन मिलिमीटर नक्षी घेऊन “अजून कायद्यात बसतंय” म्हणणाऱ्याला मी हात जोडतो.

तिसरा साक्षीदार माझा एक जुना विद्यार्थी, सध्या मुक्काम श्टुटगार्ट. मराठी घेऊन बी.ए. झालेला मुलगा जर्मनीत मोटारींच्या गावी कसा पोहोचला ही स्वतंत्र कथा आहे. त्याच्याकडे असेच उन्हाळी, चपळ टायर आहेत आणि तो त्यांच्यावर बेहद्द खूश आहे. पण एप्रिल ते सप्टेंबरच. पारा सात अंशांच्या खाली उतरू लागला की हेच रबर ताठरते. एका नोव्हेंबरात सकाळी, बर्फ नाही, पाऊस नाही, नुसता ओलसर थंड रस्ता, आणि गाडी वळणावर साबणाच्या वडीवरून गेल्यासारखी सरळ निघाली. त्याच्या नशिबाने समोर कुंपण होते, माणूस नव्हते. बर्फाळ रस्त्यावर हिवाळी टायर लावण्याची सक्ती त्या देशात २०१० पासून आहे. आणि तिथले लोक ऑक्टोबरला एक जोड चढवतात, ईस्टरला उतरवतात, जशी आपल्याकडे माळ्यावरून छत्री निघते. आपल्या महाराष्ट्रात सात अंशांचे भय फारसे नाही, ही त्यातल्या त्यात देवाची कृपा.

तुम्ही म्हणाल, ही सगळी हौशी मंडळी. ज्यांचे पोटच वेगावर आहे त्यांना तरी टायरची बोली कळत असेल. तर त्यांचीही एक गोष्ट ऐका. १९ जून २००५ रोजी अमेरिकेत इंडियानापोलिसला फॉर्म्युला वनची शर्यत होती. दोन दिवस आधीच्या सरावात, तिरक्या उताराच्या एका वळणावर राल्फ शूमाखरचा मागचा टायर निकामी झाला आणि गाडी भिंतीवर आदळली. तपास करून मिशलँ कंपनीने स्पष्टच कळवले की, त्या वळणावर या वेगाने पूर्ण शर्यतभर आमचे टायर टिकतील याची हमी देता येत नाही. वाटाघाटी झाल्या, त्या फिसकटल्या. रविवारी वीस गाड्यांनी मैदानाला एक फेरी घातली आणि मिशलँचे टायर असलेल्या चौदा गाड्या शर्यत सुरू होण्यापूर्वीच आत निघून गेल्या. लाखभर लोकांसमोर सहा गाड्या धावल्या. प्रेक्षकांनी हुर्यो केली. मागाहून कंपनीने तिकिटांचे पैसे परत देऊ केले. त्या सहांत आपला नारायण कार्तिकेयन होता. तो चौथा आला आणि फॉर्म्युला वनमध्ये गुण मिळवणारा पहिला भारतीय ठरला. पुष्कळजण या शर्यतीला फार्स म्हणतात. मला मात्र त्या चौदा गाड्या आत वळल्या त्यात काही हसण्यासारखे दिसत नाही. जगातले सर्वांत कसलेले हात होते ते. पण टायरच्या पोटात काय चालले आहे हे त्या हातांनाही कळले नव्हते. ते कारखान्याकडून कळावे लागले.

अमेरिकेतच त्याच्या आधी, २००० साली, फायरस्टोन कंपनीला पासष्ट लाख टायर परत बोलवावे लागले होते. ते वेगवान जातीचे नव्हते, एसयूव्ही आणि हलक्या ट्रकांचे होते. वेग, उष्णता आणि कमी हवा यांत त्यांची वरची पट्टी सुटून येत असे, आणि त्या अपघातांत शेकड्यांनी माणसे गेली. त्यावरून तिथे कायदा झाला, आणि त्या कायद्यापोटी मोटारीत हवेचा दाब सांगणारा पिवळा दिवा आला. टायर बोलत नाही म्हणून त्याला दुसऱ्याची जीभ लावून दिली, असे म्हणा ना! पण त्या अमेरिकी नियमाप्रमाणे दिवा लागतो तो हवा ठरल्यापेक्षा पाव हिस्सा उतरल्यावर. ३३ पौंडांचे २५ होईपर्यंत तो गप्प बसला तरी नियमात बसतो. आणि हवेशिवाय दुसऱ्या कशाबद्दल तो बोलतच नाही.

हे ‘दुसरे काही’ आम्हाला गेल्या दिवाळीच्या आधी भेटले. ताईच्या घरची सगळी मंडळी नागपूरला निघाली होती, समृद्धीवरून. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी मी सहज ड्रायव्हरकाकांना ताईकडे घेऊन गेलो. समृद्धीवर टायर फुटून झालेल्या अपघातांच्या बातम्या काकांच्या डोक्यात होत्याच. २०२३ मध्ये आरटीओच्या लोकांनी तिथे वाटेत गाड्या थांबवून टायर तपासले होते, हेही त्यांना ठाऊक होते. भाचा म्हणाला, “काका, कालच हवा चेक केलीय. टायर दीड वर्षाचेसुद्धा नाहीत.” काकांनी टायरवरचे चार अंकी आकडे वाचले, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. ते बरोबर होते. नक्षी पाहिली, बरी होती. मग ते खाली बसले, आणि स्टिअरिंग पुरे वळवायला सांगून पुढच्या डाव्या टायरच्या आतल्या बाजूवरून, जी बाजू कोणालाच कधी दिसत नाही तिच्यावरून, सावकाश तळहात फिरवू लागले. एका जागी हात थांबला.

“दादा, इथे हात लाव.”

भाच्याने हात लावला, मग मी लावला. अर्ध्या लिंबाएवढा फुगा होता. जुलैत बायपासवर एका खड्ड्यात चाक आपटले होते, हे भाच्याला मग आठवले. खड्ड्याची धार आणि रिम यांच्यामध्ये बसकी भिंत चिमटली जाते, आतले धागे तुटतात, आणि तेवढ्या जागी नुसते रबर हवेला अडवून धरते. याला डागडुजी नाही. तीन महिने ती गाडी अशीच ऑफिसला जात-येत होती. आवाज नाही, थरथर नाही, दिवा नाही. उद्या ती चार माणसे घेऊन तासन्‌तास एकशेवीसने तापणार होती. ताई दारात उभी होती. ती काही बोलली नाही. फक्त हातातला डबा तिने खाली ठेवला.

भावोजींनी “मी म्हणत नव्हतो?” असे म्हणण्याची ही संधी सोडली, याबद्दल त्यांच्याविषयी माझा आदर वाढला. उलट तेच म्हणाले, “चल, दुकान बंद व्हायच्या आत जाऊ.” टायरवाल्याने एकाच आसावर नवा-जुना नको म्हणून पुढचे दोन्ही टायर बदलले, त्याच जातीचे, त्याच अक्षराचे. पैसे भावोजींनी दिले.

काढलेला टायर कोपऱ्यात उभा होता. बाहेरून अगदी नव्यासारखा, नक्षी छान. दुकानातला पोऱ्या म्हणाला, “साहेब, हा इथेच ठेवा, हजार-बाराशे कमी करतो.” भाचा मान डोलावणार, तेवढ्यात काकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “दादा, हा उद्या कुणाच्या तरी गाडीला लागेल.”

भाच्याने पोऱ्याकडे सुरी मागितली. रबर मऊ असते म्हणून मी वर इतके लिहिले. पण बाजूच्या भिंतीत सुरी घालणे सोपे काम नव्हते. दोनदा ती घसरली. तिसऱ्या वेळी आत गेली, आणि भाच्याने तो टायर त्या ‘डब्ल्यू’पासून थेट रिमच्या कडेपर्यंत चिरला. मग त्याने हात पुसले आणि उरलेल्या तीन चाकांची आतली बाजू तो स्वतःच तपासायला बसला.